घरटी एक लाकूड

आमच्या गावात माणूस मेलं की दोन गोष्टी ठरलेल्या. घरटी एक माणूस आणि घरटी एक लाकूड. कुणी सांगायला येत नाही, कुणी हजेरी घेत नाही. रडणं ऐकू आलं की बाई चुलीतला जाळ मागं ओढते आणि पुरुष पडवीत रचलेल्या लाकडांतलं एक उचलून खांद्यावर घेतो. मेलेला माणूस कसाही असो. बायकोला मारणारा असो, देवळाच्या वर्गणीत हात मारणारा असो, नाहीतर आमच्या वडिलांशी बांधावरून भांडून वर्षानुवर्षं तोंड फिरवून जाणारा असो. लाकूड जायचं म्हणजे जायचं. शहरातली माणसं हे ऐकून म्हणतात, किती छान, गावाकडं अजून माणुसकी टिकून आहे. मी त्यावर काही बोलत नाही. त्या माणुसकीत माझी नर्सिंगची सीट जळाली, हे सांगत बसलं तर समोरच्याचा चहा थंड होतो.

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की शिनोली येतं आणि त्याच्या बरंच पुढं, मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या कुशीत आमच्या वाड्या आहेत. भात आणि नाचणी. रोज संध्याकाळी एक एष्टी येते, रात्री गावातच थांबते आणि सकाळी परत जाते. तिला मुक्कामी गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपतात आणि त्यांची भाकरी गावातल्या घरांकडं आळीपाळीनं असते. फार पूर्वी एका ड्रायव्हरनं गावात मयत असताना सकाळी वेळेवर गाडी काढली होती म्हणे. त्या संध्याकाळी त्याला कुणी भाकरी दिली नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून नवीन ड्रायव्हर आला की जुना त्याला बाकी काही सांगो न सांगो, एवढं सांगून जातो: मयत उचलल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मला नर्स व्हायचं होतं त्याचं कारण गावातलं आरोग्य उपकेंद्र. इमारत चांगली आहे. बाहेरून पिवळा रंग, भिंतीवर हसणाऱ्या आईचं आणि बाळाचं चित्र. दाराला कुलूप. नर्सची जागा मंजूर आहे, भरलेली नाही, किंवा भरलेली असली तर ती बाई कुठंतरी दुसरीकडं काम करते. नक्की काय ते आम्हाला कधी कळलं नाही. मागच्या क्वार्टरमध्ये पावसाळ्यात शेळ्या बांधतात. शाळेत जाता-येता मी त्या कुलपाकडं बघायची. मोठी मोठी स्वप्नं मला पडली नाहीत. मला फक्त त्या कुलपाची किल्ली माझ्या हातात हवी होती.

घोडेगावला राहून मी सायन्स केलं. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा दिली आणि बी. एस्सी. नर्सिंगसाठी अर्ज केला. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला. यासाठी वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तहसिलाच्या इतक्या चकरा मारल्या की तिथला चहावाला त्यांना मी काय शिकते ते विचारायला लागला. दादा त्याला अभिमानानं सांगायचे, "डाक्टरच्या खालोखाल." ते काही खोटं नव्हतं.

प्रवेशाच्या याद्या कॉम्प्युटरवर लागतात आणि निरोप मोबाईलवर येतो. आमच्या गावात मोबाईल म्हणजे बॅटरी आणि गाणी. रेंज पाहिजे तर मागच्या पठारावर चढायचं. भात लावून झालं होतं, पठार धुक्यात होतं आणि मी रोज संध्याकाळी फोन डोक्यावर धरून तिथं उभी राहायची. एका संध्याकाळी निरोप आला. शहरातल्या सरकारी कॉलेजात मला सीट लागली होती. मी पळत खाली आले. दादांनी निरोप दोनदा वाचायला लावला. त्यात असंही होतं, की अस्सल कागदपत्रं घेऊन स्वतः कॉलेजात हजर व्हायचं, त्याला ते रिपोर्टिंग म्हणतात, आणि त्याची मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. निरोप निघाला होता आधीच, धुक्यानं तो माझ्यापर्यंत पोचू दिला नव्हता.

"मंग काय," दादा म्हणाले, "सकाळच्या गाडीनं निगू. दुपारी पुण्यात. लई टाईम हाय."

आईनं पहाटे उठून भाकऱ्या केल्या. मी कॉलेजचा ड्रेस घातला, कारण दुसरा चांगला नव्हता. दादांनी धोतर सोडून पँट घातली, ती ते फक्त तालुक्याला जाताना घालायचे. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी धरली होती. आम्ही उंबऱ्यातून बाहेर पडतो न पडतो तोच वरच्या वाडीतून रडणं ऐकू आलं.

बांधावरचा म्हातारा गेला होता. दादांचा चुलत चुलता. ज्या बांधावरून भांडण झालं तो बांध म्हणजे जेमतेम एक बैल उभा राहील एवढी जागा, पण तिच्यावरून दोन घरांचं बोलणं, जेवणं, लग्नाला जाणं सगळं बंद होतं. म्हातारा रस्त्यानं समोरून आला तर आम्हाला बघून थुंकायचा. मला तर तो लहानपणी भुतासारखाच वाटायचा. म्हणून रडणं कुठून येतंय ते कळल्यावर मला, खरं सांगते, दुःख झालं नाही. मला वाटलं, बरं झालं, हा तरी आपल्याला थांबवणार नाही.

दादा मागं फिरले. पोटाशी धरलेली पिशवी काढून त्यांनी माळ्यावर ठेवली, पँट उतरवून धोतर नेसलं आणि पडवीतलं एक जाड लाकूड ओढून काढलं.

"दादा, गाडी," मी म्हटलं.

"गाडी कुटं चाललीय? ती पन मयत उचलल्यावरच निगल."

"पाचपर्यंत पोचायचंय."

"पोचू की. सकाळीच गेलाय म्हातारा. अकरापत्तूर उचलत्याल."

"तो आपल्याशी बोलत नव्हता."

दादांनी लाकूड खांद्यावर नीट बसवलं. "आता त्यो कुनाशीच बोलत न्हाई," ते म्हणाले, आणि चालायला लागले.

मी एकटी जायला तयार होते. चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेले असते, तिथून काहीतरी मिळालं असतं. आईनं दारात उभं राहून हात आडवा केला. तिचं म्हणणं, भावकीत मयत असताना पोरगी नटून सडकेनं चालत गेलेली गावानं बघितली तर उद्या तिच्या लग्नाच्या वेळी हेच निघेल. नटून. माझ्या अंगावर निळा पंजाबी ड्रेस होता आणि पायात रबरी चप्पल.

म्हातारा अकराला उचलला नाही. त्याची लेक कल्याणला दिली होती. लेक आल्याशिवाय बापाचं तोंड झाकायचं नाही, हाही रिवाज. ती जीपनं माळशेज घाटातून यायला निघाली होती आणि घाटात दरड आली होती. गाव बसून राहिलं. माणसं तंबाखू मळत होती, पावसाच्या गप्पा मारत होती. मी आमच्या ओट्यावर बसून समोरच्या जांभळीखाली उभी असलेली एष्टी बघत होते. ड्रायव्हरनं तिची काच पुसली, मग पुन्हा पुसली. कंडक्टर आत झोपला होता. चालणारं यंत्र आहे, डिझेल आहे, चालवणारा माणूस आहे, रस्ता मोकळा आहे आणि गाडी हलत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. त्यानंतर आयुष्यात कशाचंच नवल वाटलं नाही.

लेक आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लाकडं ओली, त्यांना पेट घ्यायला वेळ लागला. दादा आंघोळ करून आले तोवर पाच वाजून गेलेले. आमची गाडी त्या दिवशी संध्याकाळी गावातून निघाली आणि घोडेगावहून वळून लगेच परत मुक्कामाला आली.

तुम्ही म्हणाल, असा कसा बाप. पण दादांना खरोखर वाटत होतं की काही बिघडलेलं नाही. त्यांना कुणी मूर्ख म्हणू नये म्हणून सांगते. त्यांचा सगळा जन्म ज्या ज्या दारात गेला होता, त्या प्रत्येक दारात मयत चालायची. तलाठ्याला सांगितलं की भावकीत मयत झाली, तो म्हणायचा, बरं, सोमवारी या. रेशनवाला धान्य मागं ठेवायचा. घोडेगावच्या बँकेतला साहेबसुद्धा मान हलवून पुढची तारीख द्यायचा. सोसायटी, शाळा, दवाखाना, कुठंच कुणी मयतीला नाही म्हटलं नव्हतं. मग कॉलेज म्हणजे तर शिकलेली माणसं. आणि तीही नर्सिंगची. रोज मरण बघणारी.

"मयत झाली म्हनल्यावर त्यांना काय सांगावं लागतंय," असं ते मला रात्री जेवताना समजावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या कॉलेजात पोचलो. ॲडमिशनच्या खोलीत एक बाई कॉम्प्युटरपुढं बसली होती. तिची मला आजही चीड येत नाही, हे विशेष. तिनं आम्हाला बसायला सांगितलं. दादा बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारा कसा गेला, लेक कल्याणची, माळशेजला दरड, ओली लाकडं, थांबलेली एष्टी. गावात सांगतात तसं, काही न वगळता. ती बाई ऐकत होती. तिचा एक हात माऊसवरच होता.

"काका, पोर्टल काल पाचला बंद झालं," ती म्हणाली.

"मंग उगडा की."

"ते माझ्या हातात नाही."

"कुनाच्या हातात हाय? त्यांना बोलतो मी. मयत झाली व्हती म्हनून सांगतो."

"मयत कुणाची, तुमच्या वडिलांची का?"

इथं एक खोटं बोलायचं होतं. त्यानं काही फरक पडला नसता, बंद ते बंदच राहिलं असतं, पण निदान त्या खोलीत आमचं हसं झालं नसतं. दादा म्हणाले, "न्हाई. चुलत चुलता. बोलनं नव्हतं आमचं."

बाईचा हात माऊसवरून निघाला. "बोलणं नव्हतं? आणि तरी तुम्ही थांबलात?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. वाईट हसला नाही, आपण गंमत ऐकल्यावर हसतो तसा. दादांना तो का हसला हे कळलं नाही. ते त्याच्याकडं बघून स्वतःही थोडं हसले. मला तो क्षण अजून सोसत नाही. सीट गेली ते सोसलं, पण बापाचं ते हसणं नाही.

बाईनं समजावून सांगितलं की मुदतीत हजर न राहिलेल्या मुलीची सीट आपोआप सुटते आणि पुढच्या राउंडमध्ये दुसऱ्या मुलीला जाते, आणि जिनं सीट घेतली नाही तिचं नाव त्या वर्षी पुढं धरत नाहीत. असा नियम होता. दादांनी विचारलं, "नियम करनाऱ्यांच्या घरी कुनी मरत न्हाई का?" उद्धटपणे नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं. बाईनं पाणी दिलं. आम्ही पाणी पिऊन बाहेर आलो.

येताना गाडीत मंचरच्या पुढं दादा एकदाच म्हणाले, "मानसं न्हाईत ती." मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. कुणाच्या बाजूनं रागवावं तेच मला कळत नव्हतं. कॉलेजवाल्यांच्या मते मरण म्हणजे घरगुती कारण. दादांच्या मते सीट म्हणजे तलाठ्याचा सोमवार. आणि दोघांपैकी कुणालाच मी दिसत नव्हते.

पुढच्या वर्षी मी परत परीक्षा दिली. वर्षभर शेतात राबून अभ्यास जसा होतो तसा झाला होता. मार्क कमी पडले. खाजगी कॉलेजांचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. मग नारायणगावच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात मी कामाला लागले. बारावी सायन्स आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी लगेच गुलाबी ड्रेस दिला. आठवड्यात सलाईन लावायला शिकले, महिन्यात टाके काढायला. पेशंट मला सिस्टर म्हणतात. दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेममध्ये एका बाईचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन लावलेलं आहे. ती बाई मी कधी बघितली नाही. तपासणी येणार असं कळलं की आम्ही पोरी गुलाबी ड्रेस काढतो, साड्या नेसतो, हातात फडकी घेतो आणि तेवढ्या दिवसापुरत्या मावश्या होतो. तपासणारे जातात, आम्ही परत सिस्टर होतो. पहिल्यांदा मी संडासात जाऊन रडले होते. आता साडी तयारच ठेवलेली असते.

एकदा खोडदहून एक बाई बाळंतपणाला आली होती. नवरा तिथल्या दुर्बिणीवर कामाला. त्या मोठ्या तबकड्या आकाशातलं कुठलं कुठलं ऐकतात, असं ती कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, आमच्या पठारावर एक ठेवायला सांगा, आमचा फोन तरी ऐकू येईल. ती खूप हसली. मग तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही नर्सिंग कुठून केलंत?"

"घरूनच," मी म्हटलं. तिला वाटलं, हीपण गंमत.

गावात मात्र म्हाताऱ्याच्या मयतीनं चांगलं झालं. दादांनी सीट सोडून लाकूड आणलं हे कळल्यावर म्हाताऱ्याचा लेक, त्याला मी तात्या म्हणते, दहाव्याला आमच्या दारात आला आणि दादांच्या पाया पडला. बांध मिटला. दोन घरांचं जेवण-खाण सुरू झालं. दादांची गावात मान वाढली. कुठंही चार माणसं बसली की कुणीतरी म्हणायचं, पोरीची शीट गेली पन गडी मयतीला आला. दादा मान खाली घालून ऐकायचे, पण ऐकायचे. मी सुट्टीला आले की मलाही ऐकावं लागायचं. माझ्या तोंडावर माझ्याच सीटचं कौतुक, आणि ते बापाच्या नावावर. एकदा मी दादांना म्हणाले, "तुम्ही माझी सीट देऊन स्वतःसाठी खांदे घेऊन ठेवलेत." ते म्हणाले, "मानसाला शेवटी मानसंच लागत्यात." आईनं मला त्या दिवशी वाढलेलं ताट मी तसंच सारलं.

तात्याची धाकटी पोर हुशार निघाली. बारावी झाल्यावर ती दवाखान्यात मला भेटायला आली. तिला नर्सिंगलाच जायचं होतं. मी तिच्याशी फार गोड बोलले असं नाही. तिच्या आजाचं तोंड तिच्या चेहऱ्यात दिसायचं, तीच रुंद हनुवटी. पण काय काय करायचं ते सगळं सांगितलं. दाखले आधी काढून ठेव, राउंड लागायच्या दिवसांत गावात राहू नकोस, घोडेगावला मावशीकडं राहा. तिनं सगळं ऐकलं, फक्त शेवटचं ऐकलं नाही. नाचणीची लावणी राहिली होती, आई एकटी होती, म्हणून ती गावातच राहिली.

आमच्याकडं म्हातारी माणसं पावसाळ्यातच जातात आणि प्रवेशही पावसाळ्यातच होतात. त्यामुळं जे झालं त्याला मी योगायोग म्हणत नाही.

दादांचा दमा त्या वर्षी वाढला होता. मी रजा घेऊन गावी आले होते. उपकेंद्राला कुलूप होतंच. दवाखान्यातून आणलेलं औषध मी त्यांना दिलं, पाठीशी उशा लावून बसवलं, नाडी धरून राहिले. शिकलेल्या नर्सनं काय वेगळं केलं असतं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नाही हेच माझं दुखणं आहे. तांबडं फुटायच्या सुमाराला माझ्या बोटांखालची नाडी हळूहळू लागेनाशी झाली.

आई रडायला लागली तशा वरच्या वाडीत, खालच्या वाडीत चुली विझल्या. माणसं लाकडं घेऊन यायला लागली. तात्या सगळ्यांच्या आधी आला. त्याच्या खांद्यावर दोन माणसांनी उचलावं असलं ओंडकं होतं. त्याचे डोळे लाल झाले होते. आणि त्याच्या मागं त्याची पोर उभी होती, इस्त्री केलेल्या ड्रेसमध्ये. मी एक नजर टाकली आणि मला कळलं.

"तुझं रिपोर्टिंग कधी आहे?" मी विचारलं.

ती तात्याकडं बघायला लागली.

"कधी आहे?"

"आज," ती म्हणाली. "शेवटचा दिवस."

तात्यानं ओंडकं खाली ठेवलं नाही. "आज न्हाई जायाचं," तो म्हणाला. "तुज्या बापानं आमच्या म्हाताऱ्यापायी तुजी शीट घालवली. आज आमी गेलो तर गावाला तोंड कसं दावू? आमी न्हाई जात. उचलल्यावर बगू."

मी चांगली आहे म्हणून पुढचं केलं असं कुणी समजू नये. मला राग आला होता. घरात बाप मरून पडला होता आणि मला बापाचाच राग आला होता, त्या ओंडक्याचा राग आला होता, जांभळीखाली मुकाट उभ्या असलेल्या एष्टीचा राग आला होता. रडायच्या वेळी मला रडू येत नव्हतं.

"तात्या, ते खाली टाका," मी म्हटलं. "पोरीला घेऊन गाडीत बसा."

"आगं पन खांदा—"

"खांद्याला माणसं मिळतील. सीट मिळायची नाही. माझा बाप आहे, मी सांगते."

अंगणात बसलेल्या माणसांतला एक म्हातारा पुटपुटला, "असं कुटं असतंय का." कुणी त्याला साथ दिली नाही, कुणी मलाही दिली नाही. मी जांभळीखाली गेले. ड्रायव्हर टोपी काढून पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "ताई, मयत उचलू द्या की. मला जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय."

"ज्यांच्या घरची मयत तेच सांगतायत. काढा गाडी. भाकरीचं बघते मी."

तात्या पोरीला घेऊन आला. त्याला चढताना दांडी सापडत नव्हती. पोर माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वर ढकललं. कंडक्टरनं घंटी दिली. आमच्या गावातून मयत असताना वेळेवर सुटलेली ती पहिली गाडी, निदान माझ्या आयुष्यात तरी. तिचा आवाज वळणावर जाईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग घरी आले. आईनं मान वर करून विचारलं, "गेली का?" मी म्हटलं, "गेली." ती परत खाली बघून रडायला लागली.

दादांना हे आवडलं नसतं. त्याबद्दल मी स्वतःची फसवणूक करून घेत नाही.

मयतीला तोबा गर्दी होती. दादांनी जन्मभर नेलेली सगळी लाकडं परत आली. पडवीसमोर ढीग लागला, त्यातली निम्मी वापरायची गरजच पडली नाही. खांदा द्यायला तर एकाच्या मागं एक माणसं उभी होती, तिरडी आपल्याकडं यावी म्हणून वाट बघत. मी मुद्दाम बघत होते. तात्या नाही, हे कुणाच्या लक्षात येतंय का, कुणी विचारतंय का, कुणी भुवई उंचावतंय का. सकाळी अंगणात जे बसले होते तेही दुपारी पावसाच्या आणि युरियाच्या गप्पा मारत होते.

संध्याकाळी मुक्कामी गाडी आली. तात्या थेट आमच्या दारात आला आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसला. दिवसभरात त्याचं वय वाढल्यासारखं दिसत होतं. पोरीला तिथंच, कॉलेजच्या जवळ एका नातलगाकडं ठेवून आला होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. चार वाजता शिक्का मारला." तो जमिनीकडं बघत बसला. मग घसा साफ करून त्यानं, ज्यासाठी आला होता ते विचारलं. "मी न्हवतो तर... लोकं काय म्हनली?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी मला सांगता आलं असतं. लोकांनी समजून घेतलं, असं. किंवा थोडं बोलले पण मी सांभाळलं, असं. तेवढं तरी त्याला हवं होतं.

"कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही, तात्या," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर पडवीत उरलेल्या लाकडांच्या ढिगाकडं गेली आणि तिथून पुन्हा माझ्याकडं आली. "म्हंजी, त्या दिशी तुजा बाप आला नसता तरी..." तो म्हणाला. वाक्य त्यानं तिथंच सोडलं, आणि मीही ते पुरं करायला त्याला मदत केली नाही.